दारातला बुटका चाफा

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. ही पानं कोणाच्या हाती पडलीच तर माफ करावं. माझी शाळा चौथीत सुटली. पण फुईबद्दल मला बोलता येत नाही, माणसं समोर असली की तोंडाला कुलूप लागतं, म्हणून लिहिते.

फुई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. ती मागच्या दाराने कधी घरात आली नाही. नवरा सोडून माहेरी राहिलेल्या बाईने गोठ्याकडून यावं-जावं, पाहुण्यांच्या नजरेला पडू नये, अशी आमच्या तापीकाठच्या गावात न सांगता पाळायची रीत. फुई शेणाची पाटी घेऊनसुद्धा पुढच्या दाराने यायची. सासूबाई म्हणायच्या, "मांगेबी दार शे ना." फुई म्हणायची, "ते ढोरंसनं शे."

नवऱ्याने दुसरी आणली त्या दिवशी ती पिशवी उचलून निघाली. विसरवाडीला बसची वाट बघताना हॉटेलपुढे रोपांनी भरलेला ट्रक उभा होता, सुरतेकडे जाणारा. एका कुंडीतली फांदी मोडून खाली पडली होती. फुईने ड्रायव्हरला विचारून ती उचलली. ती आमच्या घरी आली तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात हे लाकूड. सगळ्यांना वाटलं, रस्त्यात कुत्र्यांसाठी काठी घेतली असेल.

ती चाफ्याची फांदी होती. देवळापुढे असतो तो उंच चाफा नव्हे. हा माझ्या छातीच्या वर कधी गेला नाही. पानं गच्च, काळपट हिरवी, एकमेकांना चिकटून. फुलं पांढरी, गळ्याशी पिवळी, आणि ओट्यावर बसलं की बरोबर नाकासमोर येणारी. संध्याकाळी वास असा सुटायचा की भाकरी थापताना माझा हात थांबायचा. फुई दोघांची नजर सांगायची, "मोठा चाफा कळसकडे दखस. हाऊ मानूसकडे दखस."

तो तिने लावला दारात, पायरीजवळ. तिथेच भांडण सुरू झालं. आमच्याकडे चिकाचं झाड दारात लावत नाहीत, घरातलं लेकरू टिकत नाही म्हणतात. चाफा तर मसणातला. त्यात थंडीत त्याची सगळी पानं गळतात आणि नुसती बोटं वर करून उभं राहिल्यासारखं ठूठ उरतं. एकदा सासूबाईंना दया आली की काय, त्यांनी त्या ठूठावर बादलीभर पाणी ओतलं. फुईने त्यांचा हात धरला. "निजेल मानूसना तोंडमा कोनी पानी वतस का? सडी जाई ना तो."

झाडाला ती माणसासारखंच वागवायची, पण लाड करायची नाही. फांदी कापली की लगेच मातीत खुपसायची नाही. सावलीत टाकून द्यायची, चीक सुकेपर्यंत. "आधी उपाशी निजू दे, मंग माती दे," म्हणायची. माती म्हणजे नदीची वाळू आणि जुनं शेणखत. मला हे सगळं तिने शिकवलं. मी काही विचारत नसे, तरी ती सांगत असे. घरात माझ्याशी एवढं बोलणारी तीच.

मग माझ्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे ठरले. महिना माघाचा, चाफा उघडाबोडका.

सासूबाई म्हणाल्या, "पाहुना दारमाच मसन दखतीन."

फुई म्हणाली, "पाहुना पोरले दखाले ई ऱ्हायनात का झाडले?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला बांगड्या आणायला तळोद्याला पाठवलं. ती गेली आणि माझ्या दिराने कोयत्याने चाफा पायरीच्या उंचीइतका ठेवून कापून टाकला. फांद्या बंबाला जळण होतील म्हणून गोठ्याच्या माळ्यावर फेकल्या. मी ओट्यावर गहू निवडत होते. खाली फरशीवर दूध सांडल्यासारखा चीक वाहत होता.

फुई जीपमधून उतरली. बुंध्यापाशी थांबली. बांगड्यांची पुडी सासूबाईंच्या हातात दिली आणि पुढच्याच दाराने आत गेली. ती ओरडली असती तर घराला बरं वाटलं असतं.

पाहुणे आले. चहा झाला. निघताना मुलाच्या आईने पायरीपाशी विचारलं, "आठे काय व्हतं?"

"चाफा व्हता," फुई म्हणाली. "तुमले भ्याईसन यासनी कापी टाकेल शे."

सासूबाईंचा चेहरा मी आजही विसरले नाही. ती बाई मात्र म्हणाली, "आमले काय भ्यावानं?" लग्न जमलं ते जमलंच.

होळीच्या आधी फुई माळ्यावर चढली. फांद्या सावलीत पडून छान सुकल्या होत्या, चीक बंद झाला होता. जळण म्हणून फेकणाऱ्याने नेमकं तेच केलं होतं जे ती करायची. तिने दिराला हाक मारली. "भाऊ, मन्हं काम तू करी टाकं. आते डबा आनी दे." आणि खरंच, त्याने मुकाट्याने तेलाचे रिकामे डबे आणून दिले. तिने प्रत्येकात एक फांदी लावली. दारातल्या बुंध्यालाही पावसाळ्यात कोंब फुटले, पूर्वी एक होती तिथे चार फांद्या.

पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. फुईला कोणी कधी हळदीकुंकवाला बोलावत नसे. ती सवाष्ण की नाही, हे गावाला ठरवता आलं नव्हतं. सासूबाईंनी वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. बाया वाटी घेऊन बाहेर पडल्या तर ओट्यावर फुई डबे मांडून बसलेली. येईल तिच्या हातात एक डबा. "ले, मन्हं वान."

डब्यात पान नाही, फूल नाही, नुसतं ठूठ. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. चिकाचं झाड घरी नेणं वाईट, आणि लुटलेलं वाण परत करणं त्याहून वाईट.

एक म्हणाली, "फुई, माले कुकूबी लाव मंग."

फुई पुढच्याच दाराने आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. तिने कुंकू लावलं. मग बाकीच्यांनीही कपाळ पुढे केलं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत दारोदार चाफा फुलला. लेकरं होती तेवढी सगळी धडधाकट आहेत.

फुई गेल्या श्रावणात गेली. दिवाळीनंतर ओटा नवा करायला काढला. गवंडी दोरी लावून म्हणाला, "हाई झाड काढनं पडी. पायरी सरळ येत नही."

सासरे खाटेवर बसले होते. मी सून म्हणून आल्यापासून त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. पदर सारखा केला आणि मी म्हणाले, "पायरी वळाई ल्या."

गवंडी त्यांच्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं नाही. सासऱ्यांनी चाफ्याकडे बघितलं.

"ती म्हनस तसं कर," ते म्हणाले.

आता आमच्या घरात सरळ कोणाला शिरता येत नाही. कलेक्टर येवो नाहीतर व्याही येवो, आधी चाफ्याला वळसा घालावा लागतो.