सक्कूचा एकच प्रश्न

सन १९६४. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि तंजावरात माझ्यासारखा हट्टी शिंपी दुसरा नव्हता. हे फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच सांगतो. शाळा माझी तीन इयत्तांची. मराठी अक्षरं वडिलांनी शिवणाच्या खडूनं कापडाच्या चिंध्यांवर काढून शिकवली, तमिळ मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो. तेव्हा लिहिण्यात चूक असेल ती वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावी. घडलं ते मात्र जसंच्या तसं आहे.

आमची मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी काही उरलं नाही. माझी बायको सक्कू, तिनं त्यानंतर बोलणंच टाकलं. "ती कुठं असेल हो आता?" एवढं एकच ती विचारायची, आणि घरातला जो तो म्हणायचा, "दुसरं होईल." दुसरं झालं नाही. पुढं आमच्या ओळखीच्या एका मास्तरांकडं मॉर्मन पंथाचं इंग्रजी पत्रक आलं. त्यांनी ते आम्हाला तमिळमध्ये समजावून सांगितलं. त्यात होतं की लहान लेकरं देवापुढं निर्मळच असतात, त्यांना बाप्तिस्म्याचीसुद्धा गरज नाही. सक्कूनं मास्तरांना ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. त्या एका वाक्यासाठी आम्ही त्या पंथात गेलो, हे मी कुणापासून लपवत नाही.

पंथाकडून दोन परदेशी माणसं आली. तिरुवैयारुला कावेरीत आम्हाला पुरतं पाण्याखाली घालून त्यांनी बाप्तिस्मा दिला, चार दिवस राहिली आणि गेली. तंजावरात त्या पंथाची आम्ही दोघंच. देवळांच्या रथांना लावायचं कापडकाम मी सोडलं, पोलकी आणि शाळेचे गणवेश तेवढे शिवत राहिलो. पंथात चालत नाही म्हणून कॉफीही सोडली. सक्कूचा भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "भावजी, तंजावरात राहून कॉफी सोडलीत. मग त्या स्वर्गात सकाळी उठायचं तरी कशाला?" मी त्याला लोटाभर पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

दर रविवारी प्रभूच्या आठवणीसाठी भाकर मोडून पाण्याबरोबर घ्यायची, असं त्या लोकांनी सांगितलं होतं. पाव आमच्या गल्लीत कुठला? सक्कू सोवळ्यात करावी तशी वेगळी इडली करायची, स्वच्छ फडक्यात झाकून आणायची. मी प्रार्थना म्हणून ती मोडायचो, आम्ही दोघं खायचो, वर पाणी प्यायचो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नैवेद्य घरच्या कर्त्या पुरुषानं दाखवायचा, त्याला बाहेरचं माणूस लागत नाही. मला वाटलं, हेही तसंच. दोन वर्षं एक रविवार चुकला नाही. त्याचा मला इतका अभिमान होता की मी तो सगळा वृत्तान्त मास्तरांकडून इंग्रजीत लिहवून घेऊन त्या लोकांना परदेशी धाडला.

उत्तर आलं. फार गोड शब्दांत होतं, तरी मास्तर वाचताना अडखळले. ते काम ज्याच्या डोक्यावर हात ठेवून अधिकार दिलाय त्यानंच करायचं असतं, तुमच्या श्रद्धेला दोष नाही, पण असा कुणी येईपर्यंत नुसती प्रार्थना करा, असं त्यात होतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन वर्षांचे रविवार, आणि ते धरायचेच नाहीत! मी ते पत्र चुलीत घालणार होतो. सक्कूनं हात धरला आणि हळूच म्हणाली, "रविवार चूक होते. मग पोरीचं ते वाक्य तरी खरं कशावरून?"

मी पत्र घडी करून फळीवर ठेवलं. मग मी ठरवलं की गावात नि आसपास जेवढी म्हणून ख्रिस्ती प्रार्थनास्थळं आहेत तेवढ्या ठिकाणी जायचं, हा एकच प्रश्न विचारायचा, आणि जिथं सरळ उत्तर मिळेल तिथं आयुष्य काढायचं. हट्ट म्हणजे हट्ट.

पहिल्या रविवारी मोठ्या चर्चमध्ये गेलो. तिथले फादर म्हातारे, सज्जन. ते म्हणाले, "अम्मा, हे देवाच्या दयेवर सोडा." सक्कू बाहेर आल्यावर म्हणाली, "सोडलंच होतं की. तरी झोप कुठं लागत होती?" दुसऱ्या रविवारी दुसरं चर्च. तिथले पाद्री म्हणाले, तुम्ही दोघांनी नव्यानं बाप्तिस्मा घ्या, मग बोलू. मी म्हणालो, "मी एकदा भिजलोय, पुन्हा भिजणार नाही. आधी पोरीचं सांगा." ते बिचारे मला आदरानं अय्या म्हणत खरं बोलले, "मी शब्द देऊ शकत नाही, अय्या." मी भर लोकांत म्हणालो, "शब्द देता येत नाही तर झगा कशाला घातलाय?" सक्कू मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

तिसऱ्या रविवारी बसनं एका खेड्यात गेलो. तिथं छपराखाली टाळ्या वाजवून प्रार्थना चालायची. तिथल्या बोधकानं सांगितलं, "एकवीस दिवस उपास करा, उत्तर येईल." सक्कू दोन वर्षांत कुणापुढं आवाज चढवून बोलली नव्हती, ती त्याला म्हणाली, "उपास मी करीन हो. पण तिनं असं काय केलं होतं, की तिच्यासाठी आधी मी उपाशी राहावं?"

परतताना बसचा आस मोडला. ऊन माथ्यावर आलेलं, लावणीचे दिवस, दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली शेतं. आम्ही कालव्याच्या कडेनं चालू लागलो. अर्ध्या कोसावर सक्कूला भोवळ आली. तिथं नारळाखाली एक मजूर म्हातारी बसली होती, गुडघ्यापर्यंत चिखल, जवळ मडकं. तिनं काही न विचारता सक्कूला रात्रीच्या भाताचं गार पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. तिच्या शेजारी मातीचा लहानसा उंचवटा होता, त्यावर झेंडूची दोन फुलं. आजीला तमिळमध्ये पाटी म्हणतात, तशी हाक मारून मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "पाटी, हे काय?"

"माझा नातू. वीस दिवसांचा होता."

"इथं पुरलाय?"

म्हातारीनं माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं. "मग? तान्ह्याला कुणी जाळतं का, अय्या? आग मोठ्या माणसांना. त्यांचं जाळण्यासारखं पुष्कळ असतं. ह्याचं काय जाळायचं होतं?"

एवढं बोलून तिनं मडकं उचललं आणि चिखलात उतरली. सक्कूनं त्या उंचवट्यावर हात ठेवला. मला म्हणाली, "अहो, आपणही तिला जाळलं नव्हतं. तुम्हीच खड्डा खणलात. मीच तिला झबल्यात गुंडाळून दिली." आणि मग ती रडली, मुलगी गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, मोकळी रडली. मी तिच्याजवळ चिखलात बसलो. आमच्या वाडवडिलांना जे ठाऊक होतं, पत्रकात जे होतं, ते मी माझ्या हातांनी केलं होतं आणि तरी दारोदार त्याची खातरी मागत हिंडत होतो.

पुढं मी दोनदा त्या कालव्यावर गेलो. म्हातारी भेटली नाही. लावणीच्या बायका आज ह्या शेतात तर उद्या त्या शेतात, त्यात नवल नाही. ती कोण होती ह्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आम्ही तिला आमचा प्रश्न विचारला नव्हता आणि तिनं नेमकं त्याचंच उत्तर सांगितलं, एवढं मला पुरे आहे. त्या दिवसापासून आजतागायत मी देवाचे आभार मानतो ते बस मोडल्याबद्दल. जे आपल्या हातात नाही ते मुठीत धरून मी दोन वर्षं बसलो होतो, आणि त्यालाच भक्ती म्हणत होतो. भाकरीला आशीर्वाद द्यायचा अधिकार माझा नाही, लेकरू ठेवून घ्यायचा अधिकारही माझा नाही. दोन्ही ज्याचे आहेत त्याच्याकडं असू द्यावेत. अधिकार असलेला माणूस येईल तेव्हा येईल, असं आम्ही त्या संध्याकाळी ठरवलं. पंथ बदलायचा नाही, पण सक्कूला रविवारी चार माणसांत बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी त्या झगेवाल्या पाद्र्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "आम्ही दोघं रविवारी मागच्या बाकावर बसू. भाकर घेणार नाही, पुन्हा भिजणार नाही, प्रश्नही विचारणार नाही. चालेल का?" ते हसून म्हणाले, "प्रश्न विचारलात तरी चालेल." घरी येऊन सक्कूला सांगितलं. तिनं विचारलं, "माफी मागितलीत?" मी म्हणालो, तसं काही बोलणं निघालं नाही. तिनं माझ्या नुकत्याच काढलेल्या चपला उचलून पुन्हा माझ्यापुढं ठेवल्या. मी त्या घातल्या आणि उलट्या पावली निघालो.