झऱ्यापाशी लढाई झालीच नव्हती

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला आम्ही आलो तेव्हा नवऱ्याला चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी होती आणि मला काहीच नव्हतं. डिपेंडंट व्हिसावर पगारी काम करता येत नसे. नागपूरला मी सात वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. इथे दिवसभर एअरकंडिशनरची घरघर ऐकत बसायचे. दुसऱ्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले आणि पाऊण तासावरच्या एका छोट्या गावातल्या वस्तुसंग्रहालयात बिनपगारी काम मागून घेतलं. त्या गावाचं नाव मी इथे घेत नाही.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. खोगिरं, बंदुका, लोणी घुसळायची लाकडी भांडी, पहिल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांचे भिंतभर फोटो. कोपऱ्यातल्या एका काचेच्या पेटीत काही बाणांची टोकं आणि एक विणलेली टोपली. ते सगळं सांभाळणारी बाई सत्तरीची, निवृत्त शाळाशिक्षिका. फार प्रेमळ. रिव्हर्स पार्किंग मला तिनेच शिकवलं, आणि माझं नाव नीट उच्चारता यावं म्हणून आठवडाभर रोज सकाळी ते म्हणून दाखवलं. हे आधी सांगते, कारण पुढे मी तिच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचून ती कुणी दुष्ट बाई होती असं वाटायला नको. दुष्ट असती तर मला इतका राग आला नसता.

गावाच्या वर्धापनदिनाचं पुस्तक निघणार होतं. बाईने दहा-बारा वर्षांपूर्वी जुन्या घराण्यांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टेप करून ठेवल्या होत्या. कानाला हेडफोन लावायचा, पायाखालच्या पेडलने टेप थांबवायची, मागे न्यायची आणि ऐकलेलं टाइप करायचं, हे माझं काम. त्या लोकांचं इंग्रजी मला सुरुवातीला अजिबात कळायचं नाही. एक वाक्य दहादा ऐकायचे. त्यामुळे जे ऐकलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

एका कॅसेटवर नव्वदीचा एक म्हातारा होता. गावाजवळचं सगळ्यात मोठं गुरांचं रँच त्याच्या घराण्याचं. तो आपल्या बापाकडून ऐकलेली हकिगत सांगत होता. गोरे लोक या वाळवंटात नवे आले होते. डोंगराखाली एकच बारमाही झरा होता आणि त्या झऱ्यावर तिथले मूळ लोक पिढ्यान् पिढ्या उन्हाळा काढत होते. गोऱ्यांना तो गुरांसाठी हवा होता. त्यांनी निरोप धाडला, या, बोलू, पीठ आणि मांस देतो. लोक आले. बायकापोरं घेऊन आले. धनुष्यं बाजूला ठेवून जेवायला बसले. म्हाताऱ्याचा बाप उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. ती खूण होती. मग गोळ्या सुटल्या.

म्हातारा म्हणाला, “एका म्हातारीने पिठाची पिशवी अशी छातीसमोर धरली, गोळी अडेल म्हणून. बाबा ती गोष्ट सांगताना दर वेळी हसायचे.” आणि टेपवर तो स्वतःही हसला.

मग आमच्या बाईचा आवाज, मुलाखत घेणारा, शाळेतल्या बाईंचा स्वच्छ आवाज: “बरं, आणि रँचवर पहिली पवनचक्की कधी बसली?”

मी पेडलवरून पाय काढला. बाहेर शाळेची सहल आली होती, मुलं बंदुकांसमोर ठो ठो करत होती. मी टेप मागे नेली, पुन्हा ऐकली. पवनचक्की! आपल्या कानांनी हे ऐकून एक शिकलेली बाई पवनचक्कीचं विचारते.

मी शब्द न् शब्द टाइप केला. दोन दिवसांनी कागद परत आले ते लाल पेन्सिलीने खोडलेले. दीड पान गेलं होतं आणि समासात एक वाक्य होतं: “झऱ्यापाशी झालेल्या लढाईनंतर हे खोरं कुटुंबांसाठी सुरक्षित झालं.”

मी तिच्या टेबलाशी गेले. “लढाई कुठे झाली? त्यांच्या हातात तर भाकरी होती.”

“अगदी म्हातारा होता गं तो,” ती म्हणाली. “या वयात माणसं वाढवून सांगतात.”

“मग पवनचक्कीचं साल पण वाढवून सांगितलं असेल. ते तुम्ही ठेवलंय.”

ती लाल झाली. “ज्या जमिनीवर आपण उभे आहोत ती त्या घराण्याने संग्रहालयाला दिली. त्यांची नातवंडं, पतवंडं वाचणार हे पुस्तक. त्यांना काय वाटेल?”

आणि त्या पिशवीवाल्या म्हातारीच्या पतवंडांना? हे मला तेव्हा सुचलंच नाही. गाडीत बसल्यावर सुचलं, आणि मी स्टिअरिंगवर हात आपटला.

माझ्या डोक्यात ‘लढाई’ हा शब्द का असा रुतला ते सांगते. मी आठ वर्षांची असताना आमच्या गावात बौद्ध वस्तीने मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. त्यावरून एका दुपारी, वस्तीतले लोक कामावर गेले असताना, गावाने आमची घरं पेटवली. तीन-चार दिवसांनी पेपरात बातमी आली, ‘दोन गटांत दंगल’. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी पेपर जमिनीवर पसरला, त्या शब्दाखाली अंगठा ठेवला आणि कुणाला तरी विचारावं तसं म्हणाले, “हा दुसरा गट कोनता? घरात त माही माय अन् दोन शेळ्या होत्या.” आजी वाचली. शेळ्या गेल्या. वडिलांनी त्या पेपराला पत्र लिहिलं, ते कधी छापून आलं नाही.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण तो घाबरलाही. “यार, आपलं ग्रीन कार्ड फाइल झालंय. तू तिथे व्हॉलंटियर आहेस. कशाला इश्यू करतेस? नको वाटत असेल तर सोडून दे.”

शनिवारी मराठी मंडळींकडे जेवण होतं. तिथे एक काका होते, डॉक्टर, आमच्या आधी पंधरा वर्षं आलेले. मी विषय काढल्यावर ते म्हणाले, “अगं, त्या काळात दोन्ही बाजूंनी मारामाऱ्या चालायच्या. ते लोकही काही साधे नव्हते. आणि आपण इथे पाहुणे. आपल्याला काय करायचंय?”

“पाहुणे कुणाचे, काका?” मी विचारलं.

काकूंनी घाईने माझ्या पानात आणखी एक पुरी वाढली. गप्पा मॉर्गेजवर गेल्या. मला त्या रँचवाल्या म्हाताऱ्यापेक्षा त्या क्षणी आपल्याच लोकांची जास्त चीड आली.

पुढच्या आठवड्यात संग्रहालयात दोन बायका आल्या. एक पन्नाशीची, नर्सिंग होममध्ये काम करणारी, अंगावर तोच गणवेश. दुसरी तिची आई, ऐंशीच्या घरातली, काठी घेऊन. बाई त्या दिवशी छापखान्यात गेली होती, मी एकटीच होते. दोघी बंदुकांकडे न बघता सरळ त्या काचेच्या पेटीपाशी गेल्या. म्हातारी टोपलीसमोर वाकून विणीचे फेरे बोटाने हवेत मोजत राहिली. लेकीने चिठ्ठी वाचली: ‘अपाची टोपली. लढाईनंतर झऱ्यापाशी सापडली.’

“सापडली,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आम्ही अपाची नाही, यावापाय, वेगळी जमात. मारायला सोपं जावं म्हणून सगळ्यांना एकच नाव दिलं होतं. आणि लढाई झाली नव्हती.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं.

“तुला कसं माहीत?”

मी टेपचं सांगितलं. लेकीने आईला त्यांच्या भाषेत विचारलं. आई म्हणाली, ऐकायचंय. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं, हेडफोन काढून टेप मोठ्याने लावली. लेक अधूनमधून हलक्या आवाजात भाषांतर करत होती. म्हातारी रडली नाही. पवनचक्कीपर्यंत ऐकून झाल्यावर ती बराच वेळ बोलली.

लेक म्हणाली, “ती म्हणते, त्याने जागा बरोबर सांगितली. टोपीचं पण बरोबर आहे. तिची आजी तेव्हा सात वर्षांची होती, दगडांच्या कपारीत लपली म्हणून राहिली. ती सांगायची तसंच आहे सगळं.” मग म्हणाली, “ते नंतर हसायचे, एवढं मात्र आम्हाला माहीत नव्हतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्य करायला गेले आणि हे त्यांच्या पदरात घातलं. मी माफी मागितली. म्हातारीने माझा हात धरला आणि इंग्रजीत, मला कळावं म्हणून सावकाश म्हणाली, “माहीत असलेलं बरं.”

त्यांनी कॅसेटची प्रत मागितली. मी नाही म्हणू शकले नाही, खरं तर म्हणायचंच नव्हतं. बाजूलाच दुसरा टेपरेकॉर्डर होता. अर्ध्या तासात प्रत झाली, तिच्यावर मी माझा फोन नंबरही लिहून दिला. पेटीतली ती चिठ्ठी काढून मी नवी टाइप केली: ‘यावापाय टोपली. जेवायला बोलावून मारलेल्या लोकांची.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने ती वाचली. मी लपवलं काहीच नाही. कॅसेटची प्रत दिल्याचंही सांगितलं.

“मी तुझ्यावर विश्वास ठेवला,” ती म्हणाली. ती खरंच दुखावली होती. “आमच्या घरातली गोष्ट तू बाहेर दिलीस.”

“ती त्यांच्या घरातली आहे,” मी म्हटलं.

“तू इथली नाहीस. तुला नाही कळायचं.”

“मला कळतं. आमच्याकडे याला दंगल म्हणतात.”

मी खुलासा केला नाही. तिने विचारला असता तर सगळा दिवस सांगत बसले असते. तिने चावी मागितली, मी दिली. पर्स उचलून गाडीत येऊन बसले. तिनेच शिकवलं होतं तसं रिव्हर्स घेऊन बाहेर पडले.

पुस्तक निघालं. त्यात ‘लढाई’ होती, पवनचक्कीचा फोटो होता, आणि शेवटच्या पानावर आभारांच्या यादीत माझं नाव. मी फोन करून ते काढायला सांगितलं. पलीकडून कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, आता सगळ्या प्रती छापून झाल्यात. म्हणजे त्या खोट्यावर माझं नाव कायमचं छापलेलं आहे. मला याची आजही लाज वाटते.

हिवाळ्यात त्या लेकीचा फोन आला. आईला झरा बघायचाय, वर्षातून एकदा जातात, या वेळी त्यांची गाडी नादुरुस्त आहे. मी नवऱ्याला विचारलं. त्याला वाटेल ते कारण काढता आलं असतं. तो म्हणाला, “रस्ता खराब असेल. मीच ड्राइव्ह करतो.”

झऱ्यापर्यंत जाता येतच नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. काटेरी तारेचं कुंपण, कुलूप लावलेलं फाटक, ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी. शंभरेक पावलांवर पाण्याचा हौद, त्याभोवती गुरं. म्हातारी काठी टेकत तारेपाशी उभी राहिली आणि एकेक शब्द उच्चारू लागली. लेकीने सांगितलं, नावं आहेत. मेलेल्यांची. माझ्या नवऱ्याने डोक्यावरची कॅप काढायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. टेपवरची हकिगत त्याला मीच सांगितली होती.

तेवढ्यात धुरळा उडवत एक पिकअप आली. आत चाळिशीचा एक माणूस, टेपवरच्या म्हाताऱ्याचा नातू असावा. काच खाली करून म्हणाला, “काय काम आहे? ही आमची जागा आहे.”

मी तोंड उघडणार तोच नवरा पुढे झाला. हाच माणूस पोलिसाची गाडी मागे दिसली की स्पीड निम्मा करायचा. तो गाडीच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, “आम्ही कुंपणाबाहेर आहोत. त्या आजींचं झालं की जाऊ. तोपर्यंत तुम्ही थांबा.”

“किती वेळ?”

“मला माहीत नाही. नावं खूप आहेत.”

तो माणूस थांबला. म्हातारी वळून बघत नव्हती, तिचा आवाज चढलाही नाही, उतरलाही नाही. आम्ही तिघं तिच्या मागे उभे होतो. जवळजवळ वीस मिनिटं नावं चालली होती, आणि त्या वीस मिनिटांत त्या गृहस्थाने पिकअपचं इंजिन बंद केलं नाही. निम्मी नावं त्या आवाजात मला ऐकूच आली नाहीत. एक चावी फिरवायची होती त्याला, आणि तेवढंही त्याने केलं नाही.