शाहीनला न दिसलेली भेग

मी निलंग्याहून नांदेडला निघाले होते. एसटीत शाहीनच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, शाहीनआपा गेली." एवढंच म्हणाला. लातूरच्या दवाखान्यात ती डेंग्यूनं पडून होती, पण ताप उतरलाय असं आदल्या संध्याकाळी तिनंच कळवलं होतं… मी लातूरलाच उतरले.

नांदेडच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी कितीतरी वर्षं शेजारी बसून काम केलं. धातू वरून एकसंध दिसला तरी आत स्फटिकांचे कण खडीसाखरेसारखे एकमेकांना चिकटून असतात. शाहीनला ते कण धातू न कापता बघायचे होते. काडीएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा एक्स-रेसमोर हळूहळू फिरवायचा. आतला कण योग्य कोनात आला की पडद्यावर ठिपका उमटतो, आणि अशा असंख्य ठिपक्यांवरून संगणक एकेक कण त्याच्या आकारासकट उभा करतो. शाहीन तोच तुकडा चिमट्यात धरून थोडा थोडा ताणायची, दर वेळी नवं चित्र घ्यायची. "भेग पडल्यावर कुणीबी सांगंल, ताई. मला ती पडायच्या आधी बघायचीय." दोन कणांच्या मधल्या एका सीमेवर तिचा डोळा होता. इथंच फाटणार, म्हणायची.

ऐन तेव्हाच यंत्रातली एक्स-रेची नळी जळाली. नवी मंजूर होईना. शाहीन अर्ज-विनवण्या करून थकली, पुण्याची चालून आलेली नोकरीही तिनं त्या तुकड्यापायी सोडली. तुकडा चिमट्यात ताणलेलाच ठेवून मला म्हणायची, "ताण सोडू नका हां, सोडला तर समदं पहिल्यापासून." एक पावसाळा गेला, दुसरा आला. नळी आली नाही… ताप आला.

माणसं कब्रस्तानातून परतली, तेव्हा शाहीनच्या अम्मींनी माझा हात धरला. "बेटा, पोरगी त्या मशिनीत काय बघून राहिली होती? दिसलं का गं तिला?"

हो म्हणावंसं फार वाटलं. "न्हाई अम्मी… राहिलं."

त्यांनी माझा हात हळूच सोडला.

गेल्या आठवड्यात यंत्राची ती खोली दुसऱ्या विभागाला मिळाली. यंत्र हलवायला माणसं आली, तेव्हा चिमटा मीच सैल केला. तुकडा तळहातावर पडला. खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिला, वरून गुळगुळीत. आत फाटायला सुरुवात झाली होती की नाही, कोण जाणे.

"मॅडम, जरा बाजूला व्हता का?" मागून कुणीतरी म्हणालं.

मी झाले.