आयलीनच्या नावावरचा कुडू

अर्वो लाम्पीच्या बैठकीच्या खोलीत शेकोटीच्या वर हरणांची तीन मुंडकी आहेत, आणि दुसऱ्या नि तिसऱ्याच्या मधे एक मोकळी जागा होती. त्या जागेत बरीच वर्षं नुसता एक भला मोठा खिळा होता. कोणी पाहुणा आला की अर्वो मुंडकी नंतर दाखवायचा, आधी खिळा दाखवायचा. म्हणायचा, इथे कुडू येणार. कुडू म्हणजे आफ्रिकेतलं सांबराएवढं हरीण, पिळदार शिंगांचं. पाहुणे खिळ्याकडे आदराने बघायचे. आमच्या गावात हिवाळा सहा महिन्यांचा असतो, बघण्यासारखं दुसरं काही नसतं.

अर्वो आणि माझे यजमान कागदाच्या गिरणीत बरोबर होते. तो यंत्रं दुरुस्त करायचा, आता पेन्शनीत आहे. आमची अंगणं एकमेकांना लागून आहेत आणि बर्फ काढायचं यंत्र दोन घरांत एक, त्यामुळे त्या घरातलं काहीच आमच्यापासून लपत नाही. गिरणीच्या पेन्शनीत आफ्रिकेची शिकार बसवायची म्हणजे काटकसर आली. ती अर्वोने मन लावून केली. त्याच्या बायकोचं, आयलीनचं, कपडे धुण्याचं यंत्र दार बंद राहावं म्हणून दोरीने बांधलेलं होतं, ते तसंच राहिलं. पडदे तसेच राहिले. रविवारी चर्चमधली कॉफी फुकट असते म्हणून घरची बंद झाली. आणि एवढं सगळं वाचवून त्याने काय केलं, तर आफ्रिकेला शोभेल अशी एक राक्षसी रायफल घेतली. आमच्या हरणांना पुरणारी रायफल आफ्रिकेतल्या हरणांना अपमानास्पद वाटेल, असं त्याचं मत होतं. ही नवी रायफल झाडली की पुढे काय मरायचं ते मरो, मागे अर्वोचा खांदा दोन दिवस निळा राहायचा.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नोव्हेंबरात हरणांचा मोसम सुरू होतो. शिकारीचं लायसन्स घेतलं की त्याबरोबर एक पट्टी मिळते, ती मारलेल्या हरणाच्या शिंगाला बांधायची. आपल्या वाट्याच्या पट्ट्या संपल्या की आपली शिकार संपली. मग ज्याला आणखी एक हरीण हवं असेल त्याने काय करावं? लग्न करावं. बायकोच्या नावाने लायसन्स काढायचं, तिने सही करायची, आणि पट्टी नवऱ्याच्या खिशात. कायद्याने हा गुन्हा आहे. गावाने तो इतक्या वर्षांत इतक्या चोखपणे केला आहे की आता तो संस्कार वाटतो.

त्यामुळे सरकारी कागदांवर आयलीन लाम्पी आमच्या जिल्ह्यातली नावाजलेली नेमबाज आहे. लग्न झाल्यापासून एकही मोसम तिचा वाया गेलेला नाही. खरं म्हणजे त्या सगळ्या सकाळी ती शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, आणि नोकरी संपल्यावर घरात. वनखात्याचा माणूस तिला दुकानात भेटला की विचारायचा, काय मिसेस लाम्पी, यंदा नेम कसा काय? आणि हसायचा. आयलीन लाल व्हायची. ती देवाला भिणारी बाई आहे, चर्चमध्ये लहान मुलांना दहा आज्ञा शिकवते. त्यातल्या खोटी साक्ष न देण्याच्या आज्ञेला नोव्हेंबरात तिचा आवाज बसतो, असं मुलंच सांगत. लायसन्सवर सही करताना ती डोळे मिटून घ्यायची, जणू न बघता केलेलं पाप वजनाला कमी भरतं.

तर आफ्रिका. अर्वो आणि त्याचा दोस्त रूडी मिळून जाणार होते. दोन शिकाऱ्यांत एक वाटाड्या घेतला तर स्वस्त पडतं. नामिबियात एका जर्मन वंशाच्या शेतकऱ्याचं शिकारीचं रान होतं, डीटर नाव त्याचं. पत्रापत्री झाली, तारखा ठरल्या, आणि फेब्रुवारीत रूडीचा गुडघा गेला. छपरावरचा बर्फ काढताना गेला असं तो म्हणतो. गुडघा आधी गेला की त्याच्या बायकोचा नकार आधी आला, हे देवाला ठाऊक.

एकट्याला सगळा खर्च झेपेना. डीटरने कळवलं, बायकोला आणा. नुसती बघायला आली तर तिचे रोजचे पैसे पडतील. अर्वोने दरपत्रक काढून बघितलं, तर आठवडाभराच्या बायकोची किंमत बरोबर एक नू, म्हणजे तिकडचं बैलासारखं हरीण, मारण्याच्या दराइतकी होती. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. दोन दिवस केला. मग डीटरचं दुसरं पत्र आलं, की यंदा जोडप्यांसाठी आमची सवलत आहे, बाई स्वतः शिकारी म्हणून आल्या तर त्यांच्या वाट्याचा कुडू आमच्याकडून भेट.

अर्वो त्या दिवशी अंगणातून धावत आमच्याकडे आला. त्याला मी गिरणी बंद पडली तेव्हासुद्धा धावताना पाहिलं नव्हतं. ओरिक्स, म्हणजे लांब सरळ शिंगांचं हरीण, आणि रानडुक्कर त्याच्या नावावर, कुडू आयलीनच्या नावावर, आणि मारणार सगळं अर्वो. घरची पट्टी नि परदेशची पट्टी, फरक तो काय?

आयलीन माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. तिने विचारलं, "आणि मी तिथे काय करायचं?"

"काही नाही गं. सही करायची आणि माझ्या मागे उभं राहायचं."

"ते मी इथेही करते," ती म्हणाली. "त्यासाठी विमान कशाला?"

पण तिने सही केली. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि विमान समुद्रावरून जाणार होतं. सही करताना मात्र या वेळी तिने डोळे उघडे ठेवले होते. मी समोरच होते. अर्जावर नाव, पत्ता, पासपोर्ट आणि खाली एक ओळ होती, की वरील जनावर मी स्वतः मारणार आहे. तिने ती ओळ दोनदा वाचली. म्हणाली, इथल्या लोकांना आपली लबाडी माहीत असते, म्हणून ती निम्मीच लबाडी. त्या परक्या माणसाला मात्र हे खरं वाटणार.

मग डीटरची सूचना आली, की दोघांनीही उभ्याने, तीन काठ्यांच्या टेकूवर रायफल ठेवून सराव करावा. आमच्या डोंगरावर टेबल नसतं, असं त्याने लिहिलं होतं. अर्वोने टेबलावर वाळूची पिशवी ठेवून तीन गोळ्या झाडल्या, खांदा चोळला आणि जाहीर केलं की उरलेला सराव तिथल्या हवेत होईल.

आयलीनने रूडीला गाठलं. रूडीने टोमॅटोच्या वेलांच्या तीन काठ्या सायकलच्या ट्यूबने वरती बांधल्या आणि तिच्या वडिलांची जुनी रायफल माळ्यावरून काढून साफ करून दिली. लग्नाआधी, शेतावर, वडिलांनीच तिला नेम शिकवला होता. हे मला त्या दिवशी कळलं आणि अर्वोला अजून नीट कळलेलं नाही. बर्फ वितळल्यावर आम्ही तिघं खडीच्या खाणीत जायचो. रूडी लंगडत कागद लावायचा, आयलीन उभ्याने झाडायची, मी गाडीत बसून जप करायची. दर गोळीला माझा एक मणी चुकायचा. सुरुवातीला कागदाला काहीच झालं नाही. मेअखेर कागदाच्या मधोमध बशीएवढं भोक पडलं होतं आणि डासांनी आम्हाला खाल्लं होतं. रूडी म्हणाला, "बाई, या हाताने तुम्ही इतकी वर्षं बटाटे सोललेत?"

तिने अर्वोपासून काही लपवलं नाही. मी नेम धरायला जाते, हे सरळ सांगितलं. त्यावर तो म्हणाला, छान, फोटोत बरं दिसेल.

जुलैत गेले. परत आल्यावर आयलीनने हकिगत मला वेलदोड्याच्या पावाबरोबर सांगितली, अर्वोने रूडीला शनिवारच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, सांगितली. दोन्ही एकमेकींत ओवल्या की घडलं ते असं.

दुसऱ्या दिवशी अर्वोला ओरिक्स दिसला. अर्वोने काठ्यांवर रायफल ठेवली, येणाऱ्या धक्क्याच्या आठवणीने डोळे मिटले आणि चाप ओढला. ओरिक्स पळाला. दगडावर रक्त राहिलं. एलियास नावाचा माग काढणारा दिवसभर त्या मागावर चालला, मग खडक लागले आणि माग संपला. तिकडचा नियम असा, की रक्ताचा थेंब पडला की जनावर तुमचं, पैसे भरायचेच, ते हाती लागो न लागो. अर्वो म्हणाला, नुसतं खरचटलंय हो. डीटरने आपला अंगठा पुढे केला, त्यावर थेंब होता. अर्वोची पुंजी त्या थेंबात बुडाली. स्वतःच्या नावावर दुसरा कुडू विकत घेण्याचा एक चोर विचार त्याच्या मनात होता, तोही बुडाला. आता खिळ्याची सगळी भिस्त आयलीनच्या सहीवर होती.

शेवटच्या आदल्या सकाळी कुडू दिसला. काटेरी झाडाखाली उभा होता, शिंगांवर ऊन. एलियासने काठ्या रोवल्या त्या आयलीनच्या पुढ्यात. डीटरने आपली साधी रायफल तिच्या हातात दिली. अर्वो सवयीने पुढे झाला, जसा नोव्हेंबरात होतो. डीटरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका निळ्या खांद्यावर.

"परवाना बाईंच्या नावावर आहे," डीटर कुजबुजला.

"अहो, ते नुसतं कागदावर. आमच्याकडे असंच चालतं."

"इथे नाही चालत. त्या मारतील, नाहीतर कोणीच मारणार नाही."

अर्वोने बायकोकडे वळून विनवलं, "आयलीन, सांग ना यांना."

आयलीन कुडूकडे बघत होती. म्हणाली, "अर्वो, बाजूला हो. तुझी सावली पडते आहे."

आणि तिने चाप ओढला. कुडू उसळला, थोडं धावला आणि बसकण मारावी तसा खाली गेला. आयलीन लगेच जवळ गेली नाही. ती होती तिथेच बसली, आणि जेवणाआधी म्हणतात ती प्रार्थना तिने म्हटली, कारण दुसरी कुठली तिला त्या वेळी सुचली नाही. मला म्हणाली, "मला आनंद झाला नाही गं. पण लाजही वाटली नाही. कुठल्याही हरणाच्या बाबतीत हे पहिल्यांदाच झालं."

त्या लोकांची एक पद्धत आहे. डीटरने हिरवी डहाळी मोडून कुडूच्या तोंडात ठेवली, जनावराचा शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी रक्ताला टेकवली, आपल्या टोपीवर ठेवली आणि टोपी काढून वाकून बाईंपुढे धरली. आयलीनने ती आपल्या बागकामाच्या गवती टोपीत खोचली. तिने त्यातलं एक पान तोडून एलियासला दिलं, कारण माग त्याने काढला होता. तिकडे शिकारी कुत्र्याच्या पट्ट्यातसुद्धा एक पान खोचतात म्हणे. अर्वोला कॅमेरा मिळाला.

फोटो मी पाहिला आहे. कुडूची शिंगं टोकापर्यंत आली आहेत, मागचा डोंगर आला आहे, अर्वोचा अंगठासुद्धा आला आहे. आयलीन नाकापर्यंत आहे.

अख्खं मुंडकं भुसा भरून आणायला झेपलं नाही, नुसती कवटी आणि शिंगं बोटीने निघाली. ती समुद्रावर होती तोवर इकडे नोव्हेंबर आला. आयलीनने दुकानात जाऊन लायसन्स घेतलं. मोसम उघडायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे उसना घेतलेला पाव परत द्यायला गेले होते. अर्वो बुटांना चरबी लावत होता. वर न बघता म्हणाला, "पट्टी माझ्या खणात ठेव हं."

"माझ्या खिशात आहे," आयलीन म्हणाली.

"तुझ्या खिशात ती काय करणार?"

"माझ्याबरोबर येणार."

अर्वोने माझ्याकडे बघितलं. मी पावाकडे बघितलं.

पहाटे दोघं रानातल्या शिकारीच्या वेगवेगळ्या खोपटांत जाऊन बसले. असं मोसमभर चाललं. अर्वोने आपल्या वाट्याचं मारलं, पट्टी बांधली आणि त्याची शिकार संपली. आयलीन रोज थर्मास घेऊन वडिलांची रायफल मांडीवर ठेवून बसायची. हरणं यायची, ती बघायची, कॉफी प्यायची आणि घरी यायची. पट्टी कोरीच्या कोरी राहिली.

मार्चमध्ये शिंगं आली. खोक्यावरच्या कागदावर शिकाऱ्याचं नाव ठळक अक्षरात होतं. अर्वोने ती खिळ्यावर टांगली आणि आता पाहुण्यांना सांगतो, हा आमच्या घरचा कुडू. घरचा, हे खरंच आहे.

त्याच्या आधी, मोसम संपला त्या आठवड्यात, वनखात्याचा माणूस आम्हाला दुकानात भेटला होता. कोरी पट्टी त्याच्याही कानावर गेली असावी. हसत म्हणाला, "काय मिसेस लाम्पी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा? यंदा नेम चुकला वाटतं."

"नाही हो," आयलीन म्हणाली. "यंदा मी स्वतः गेले होते."