लवकी आणि तुंबा: एक ढीग की दोन?

वसतिगृहातल्या मैत्रिणींनो, रागातच हे भिंतीवर लावते आहे. वाचा आणि खाली उत्तर लिहा.

आज वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेत फळांचे प्रजातीप्रमाणे ढीग करायचे होते. मी लांब लवकी, म्हणजे दुधी भोपळा, आणि गोल, कडू तुंबा एकाच ढिगात ठेवले. सर हसले. "एक खायची, दुसरा पोहताना कमरेला बांधायचा. ही एक कशी?"

मी म्हटलं, "सर, ज्यांचा संकर होऊन पुढेही बी धरतं ती एक प्रजाती, असं आपणच शिकवलंत."

"ते व्याख्येत. परीक्षेत आकार बघायचा."

दिसायला ती दोन आहेत, हे मलाही कबूल. पण हिवरखेडला आमचा भाजीचा मळा आहे. शाळेआधी माझ्या आजोबांनी, आबांनीच मला घरी शिकवलं. ते म्हणतात, "पोरी, तुंब्याजवळ लवकी लावू नोको. त्या बियाची लवकी पुढच्या साली कडू निंगते." म्हणजे संकर होतोच ना? आणि त्या कडू लवकीचं बीही पुढे रुजतं.

सरांनी आज मला नापास केलं; उद्या पुन्हा तीच परीक्षा आहे. उद्याही नापास झाले तर शिक्षण बंद. खोलीतली शांता म्हणते, "सरले पाह्यजे तसं कर वं! कावून डोकं खाऊन राहिली?"

दोन ढीग केले तर पास होईन. पण घरी आबांनी विचारलं, "काय शिकली?", तर काय सांगू?