अबू हैसमचा न प्यालेला कप

अबू हैसम कस्टम्समधून निवृत्त झालेला. आवाज भारदस्त, मिशी त्याहून भारदस्त. एवढ्या भांडवलावर अम्मानातले त्याचे झाडून सगळे नातेवाईक मुलीला मागणी घालायची झाली की त्यालाच पुढे करतात. तो घाबरतो किती, हे फक्त मला ठाऊक. दर मागणीआधी माझ्या औषधांच्या दुकानात येऊन घामाघूम होतो ना!

पुतण्या ओबैदाच्या वेळी तर त्याची पार गाळण उडाली. मुलीचा बाप अबू सुल्तान एकाच अटीवर अडून होता: लग्नानंतर जोडप्याने त्याच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचं. ओबैदाची नोकरी दूर अकाबाला, मुलीचीही तिथेच. अट सुटली नाही तर लग्न मोडणार होतं.

"डॉक्टर, यातली कडक कुठली?" त्याने माझ्या काउंटरवर दोन पाकिटं आपटली. (आमच्याकडे औषधवाल्यालाही डॉक्टरच म्हणतात.) एक बायकोचं, पाठ आखडते म्हणून दिलेलं, डायझेपाम दहा मिलिग्रॅम. दुसरं मेहुणीचं, तिला धडकी भरते त्यासाठीचं, अल्प्राझोलम अर्धा मिलिग्रॅम.

"दोन्ही साधारण सारख्याच."

"दहा आणि अर्धा सारखे? मला वेड्यात काढता?"

"अरे बाबा, आकड्यावर जोर ठरत नाही! ही अर्ध्यातच तिची बरोबरी करते. ही लवकर उतरते, ती दोन दोन दिवस अंगात रेंगाळते. आणि तुझ्यासाठी यातली एकही नाही. घरी जा, पुदिन्याचा चहा पी."

मेल्याने ऐकलं नाही. जन्मभर वजनावर जकात लावली, गोळ्यांनाही तोच हिशेब लावला. अर्ध्याच्या चार गिळल्या. चार मिळून दोनच, दहाच्या मानाने किरकोळ माल!

शुक्रवारी दुपारी अबू सुल्तानकडे आम्ही चाळीस पुरुष बसलो. कॉफी आली. मागणी मान्य होईपर्यंत मुख्य माणूस कॉफीला तोंड लावत नाही, आणि त्याच्याऐवजी दुसरा कोणी बोलतही नाही. अबू हैसमने कप समोर ठेवला, मान खाली घातली आणि झोपला.

मी शेजारीच होतो. मनगट धरून त्याचे श्वास मोजत बसलो.

"कॉफी घ्या ना, अबू हैसम," यजमान म्हणाले.

अबू हैसमची मान आणखी खाली गेली.

"मुलगी तुमचीच. आता तरी?"

ओबैदा पांढराफटक पडला.

"वरचा मजला खटकतोय होय? बरं, राहू देत अकाबाला. पण दर शुक्रवारी जेवायला इथे!"

अबू हैसम घोरला. मी जोरात खोकलो.

"बरं बाबा, महिन्यातून एकदा! काय माणूस आहे, नुसता दगड!"

मी झटकन कप उचलला आणि त्याची मिशी कॉफीत बुडवली. आत बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. त्या गोंधळात आम्ही त्याला उचलून थेट इस्पितळात नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर आला. ओबैदाने लग्न ठरल्याचं सांगितलं. मी शिव्या घालायला तोंड उघडणार, इतक्यात त्याने माझा हात घट्ट धरला.

"कसं बोललो मी? मला काहीच आठवत नाही."

ओबैदा माझ्याकडे बघायला लागला.

"एक शब्द चुकला नाहीस," मी म्हणालो.

तो लहान मुलासारखा रडायला लागला. "मग आता बस्स ना, डॉक्टर? पुन्हा कुणाची मागणी घेऊन नाही ना जायचं मला?"