सोबत आलेल्यानं बोलावं

डॉक्टर संगप्पांच्या दवाखान्यात पेशंटला बोलायची मनाई होती. तोंड उघडायचं ते थर्मामीटरपुरतं. दुखणं सांगायचं सोबत आलेल्यानं. "पेशंट खोटं बोलतंय अक्का," ते मला म्हणाले होते. "त्याची बायको खोटं न्हाई बोलत. कुणीतरी तिला इचारलं, ह्याच्यातच ती खूश ऱ्हातीय."

अनू, रोहन, आम्ही त्यांच्याकडे पोचलो ते तुमच्या आजोबांच्या हट्टापायी. त्या उन्हाळ्यात आजोबांना दम लागायचा. पण सरकारी विम्याचं कार्ड घेणारा डॉक्टर मिळेपर्यंत ते कुणालाच छाती दाखवणार नव्हते. "जन्मभर सरकारची चाकरी केली. आता सरकारनं माझी करावी." मी सारं बिदर पालथं घातलं. कार्ड पाहिलं की काउंटरवरच्या मुलीचं हसू मावळायचं. एकीकडे मशीन बंद, दुसरीकडे डॉक्टर गावाला गेलेले. त्यांचा खोकला मात्र आतून ऐकू येत होता.

आणि कार्ड घेणारे संगप्पा सापडले कुठे, तर इथेच नौबादला, आमच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.

"मला काहीही झालेलं नाही," आजोबांनी सुरुवात केली.

"तुम्ही गप बसा हो साहेब. अक्का, तुम्ही सांगा."

मी क्रमानं सांगितलं. झोपताना दोन उशा लागतात. अंघोळ करता करता मध्येच थांबतात. भांडणसुद्धा अर्ध्यावर सोडतात.

संगप्पांनी पेन खाली ठेवलं. "अर्ध्यावर? मग जिंकायलंय कोण?"

"मी."

"कवापासून?"

"होळीपासून."

"आन् आज आलात? कामून थांबलात?"

त्यांनी लगेच ईसीजी काढला, कार्डासाठी लागणारी चिठ्ठी लिहिली आणि त्याच दुपारी आम्हाला कलबुर्गीला पाठवलं. हृदयाची एक नळी जवळपास बंद झाली होती. आजोबा परत आले ते माझ्याशी भांडतच.

पुढे एका सकाळी संगप्पाच आमच्या दारात उभे, घामानं निथळत. बायको केव्हाच गेलेली, मुलगी परदेशात. "अक्का, चला माझ्यासंगं. माझ्याकडून बोलणार कोण?"

कलबुर्गीच्या तरुण डॉक्टरनं त्यांना विचारलं, "सर, सिगारेट वगैरे?" संगप्पांनी ठामपणे नकारार्थी मान हलवली.

"बिडी," मी म्हणाले. "रोज, गिरणीच्या मागे. आमच्या गच्चीवरून दिसतं. आणि हल्ली जिना चढताना मध्येच बसतात."

संगप्पांनी डोळे मिटले. "त्या सांगायलेत ते लिवा. पेशंट खोटं बोलतंय."

ते बरे झाले. बिडी सुटली, माझ्याशी बोलणंही आठवडाभर सुटलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं ते तो जिना चढले. गेल्या श्रावणात झोपेतच गेले, कुणावर काही सांगायची वेळ न आणता.

तर अनू, "आजी, मी एकदम मस्त आहे" असं तू म्हणालीस, की मी ते ऐकून घेते. मग म्हणते, फोन जरा रोहनकडे दे.